मेलेल्या मातीचा दाखला

१८ नोव्हेंबर २०२४
मुक्काम: नाव लिहायला बंदी आहे

दिगंबर काकांना विश्वजीतचा नमस्कार.

ओळखलं नसेल. तीन वर्षांपूर्वी तुमच्या शनिवार पेठेतल्या गच्चीवर लाल मातीची चाळीस पोती चढवली, तो मी. लिफ्ट होती, पण ती सभासदांसाठी होती. शेवटच्या पोत्यानंतर काकूंनी पाणी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "आत्ता देऊ नकोस, घामाच्या अंगाने पिऊ नये." तेव्हापासून तुमच्याबद्दल आदर आहे.

मी आता उत्तरेला बर्फाच्या डोंगरात रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो. सीमा जवळ म्हणून फोन गेटवर जमा करून घेतात, म्हणून हे पत्र. डिझेलच्या टँकरचा ड्रायव्हर खाली पोस्टात टाकतो. नववी नापास माणसाला पत्रं लिहायला लावणारी नोकरी देशात ही एकच असेल.

काम असं. खडकवासल्याच्या मागे आमचा तीन एकर उतार आहे. आई, कांताबाई, तिथे एकटी राहते. एक फार्महाउसवाला तो उतार मागतोय आणि आई सही करत नाही. मी म्हणतो वीक, विश्रांतवाडीला चैतालीताईजवळ खोली घे, उरल्यात मी स्वतःचं मशीन घेतो. लोकांचं मशीन चालवून कंबर गेली, वर शिव्या लोकांच्या. आई म्हणते, "जमीन मेलीय असं मातीच्या डॉक्टरनं लिहून दिलं तर करते सही. तुझ्या तोंडावर न्हाई करायची." पोटच्या पोरापेक्षा शिक्का मोठा.

तुम्ही कॉलेजच्या माती प्रयोगशाळेत नोकरी केली, हे पोती चढवताना तुम्ही मला प्रत्येक मजल्यावर एकदा सांगितलं होतं. तर एक दाखला द्या. माती मेलेली आहे, कशाच्याही उपयोगाची नाही, असा. मध्ये मध्ये इंग्रजी घाला. आई ताईबरोबर नमुना पाठवेल. तो तपासला नाही तरी चालेल.

तुमचा
विश्वजीत


९ डिसेंबर २०२४
शनिवार पेठ, पुणे

चि. विश्वजीत यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर वाचायला तुझ्या काकूची, हेमाची, मदत घेतली. तिने शाळेत तीस वर्षं पेपर तपासलेत, तिला सवय आहे.

मी चौतीस वर्षं माती तपासली. त्या काळात माझ्याकडे आंब्याच्या पेट्या आल्या, एकदा जिवंत कोंबडी आली. पण निकाल आधी आणि नमुना मागाहून पाठवणारा तू पहिला. प्रगती आहे.

खोटा दाखला मिळणार नाही. खरा मिळेल. मंगळवारी आणि शुक्रवारी मी अजून प्रयोगशाळेत जातो. तिथले लोक मला सहन करतात, कारण जुन्या कपाटांच्या किल्ल्या कुठे आहेत ते फक्त मला माहीत आहे.

नमुना कसा घ्यायचा ते मी तुझ्या ताईजवळ लिहून देतो. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा. झाडाखालची माती नको, बांधाजवळची नको, उकिरड्याशेजारची तर नकोच. सगळी मिसळून त्यातली अर्धा किलो, कापडी पिशवीत. फरसाणाच्या पिशवीतून आलेली माती मी तपासत नाही. तिच्यात मीठ निघतं आणि माणसाला वाटतं जमीन खारावली.

जाता जाता. तुझ्या चाळीस पोत्यांवर माझे टोमॅटो असे आले की गच्चीबाग स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं परीक्षकांच्या मेहुणीला मिळालं, हा योगायोग आहे असं परीक्षकांनी भाषणात सांगितलं. तेव्हा मी हेमाला म्हणालो होतो, की माती देणारा मुलगा प्रामाणिक निघाला. ते विधान मागे घेतो.

दिगंबर खांबेटे


२८ डिसेंबर २०२४

काकांना नमस्कार.

इथून कोंबडी पाठवायची सोय नाही, नाहीतर प्रयत्न केला असता.

बर्फामुळे काम बंद आहे. रोज सकाळी मशीन सुरू करून गरम करायचं आणि रोज संध्याकाळी थंड होऊ द्यायचं. मधल्या वेळात बसायचं. बसणं मला जमत नाही, नववीत पण त्यामुळेच राहिलो. सोबतचा ऑपरेटर बिहारचा आहे, तो झोपेत गावाला जाऊन येतो. मी जागा राहून जातो, मग दोघं चहा पितो.

खरा तर खरा दाखला द्या. माझी हरकत नाही. जे निघेल तेच मला पाहिजे आहे. इतकी खात्री कशी ते विचारू नका, विचारलंत तरी टँकर दहा दिवसांनी येतो.

दाखल्यावर शिक्का गोल असू द्या. चौकोनी शिक्का आईला रेशनवाल्याचा वाटतो.

विश्वजीत


२२ जानेवारी २०२५
शनिवार पेठ

चि. विश्वजीत,

वाईट बातमी आहे. तुझी जमीन जिवंत आहे.

नमुना कापडी पिशवीत आला, वर शिवण घातलेली. सेंद्रिय कर्ब २.१ टक्के निघाला. आपल्याकडे एक टक्का निघाला तर आम्ही चष्मा पुसून पुन्हा तपासतो. मी तीनदा पुसला. नत्रही उत्तम.

नववीपर्यंत पोचलेल्याला कळेल असं सांगतो. पाला, मुळं, शेण, किडे कुजून मातीत जे काळं राहतं, त्याचा गाभा म्हणजे कर्ब. पीक हिरवं करतो तो नत्र. पण नत्र मातीत स्वतंत्र बिऱ्हाड करत नाही. दहा-बारा भाग कर्बाच्या घरात एक भाग नत्र राहतो, पोटभाडेकरू म्हणून. मूळ भाडेकरू गेला की हाही सामान उचलतो. रान राखलं तर कर्ब साठत जातो, शेकडो वर्षं. उकरून उघडं टाकलं तर काही हवेत उडतो आणि बाकीचा पहिल्या मोठ्या पावसात खाली चालू लागतो. तुमच्याकडे कुणीतरी रान नीट राखलेलं दिसतं. आईच असणार, कारण तू काही राखल्याचं तुझ्या पत्रांवरून वाटत नाही.

दाखला ताईकडे दिला. शिक्का गोल. आईने तो प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीला लावलाय, असं कळलं. फार्महाउसवाला आला की ती त्याला पाट देते आणि आधी तो वाचायला लावते. तो मोठ्याने वाचतो म्हणे. उच्चार बरे आहेत.

दि. खां.


१० फेब्रुवारी २०२५

काका,

२.१ निघूच शकत नाही. तुमच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. नाहीतर चष्मा चौथ्यांदा पुसा.

तुम्ही विचाराल, तुला डोंगरात बसून काय माहीत. माहीत आहे. आता सांगतोच, कारण न सांगून काम होत नाही असं दिसतंय.

तीन वर्षांपूर्वी ताई बाळंत झाली. आई चाळीस दिवस विश्रांतवाडीला होती. मी तेव्हा घरी बसून होतो, म्हणजे बसवत नव्हतं म्हणून इकडेतिकडे फिरत होतो. पुण्यात ज्याला त्याला गच्चीसाठी 'शुद्ध लाल माती' पाहिजे होती. मी रोजाने मशीन आणलं. करवंदीच्या जाळ्या काढल्या, कारवी काढली, ऐनाची दोन झाडं पाडली आणि उताराची वरची वीतभर माती खरडून पोत्यांत भरली. चाळीस दिवसांचं काम नव्हतं, बारात झालं. राहिलेले दिवस मी पुणं बघितलं.

आई परत आली तर सगळा पिवळा मुरूम. मी म्हणालो, "सपाट करून घेतलं, नांगराला सोपं." ती काही बोलली नाही. मला वाटलं पटलं. त्या पावसात उरलंसुरलं वाहून गेलं, मग मी सगळंच पावसाच्या नावावर ढकललं, आणि पुढं मी इकडे आलो.

तुमची चाळीस पोती त्यातलीच. म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस तुमच्या टोमॅटोला नाही, आमच्या डोंगराला मिळालं. परीक्षकांच्या मेहुणीला पण मीच माती दिली होती. तिने पंचावन्न पोती घेतली, म्हणून पहिली आली. तुम्ही योगायोगाला उगाच नावं ठेवता.

तेव्हा दाखला बदला. आणि हे आईला कळू देऊ नका.

विश्वजीत


४ मार्च २०२५
शनिवार पेठ

विश्वजीत,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, हेमाने एकदा. मग ती गच्चीत जाऊन आली आणि म्हणाली, "आज टोमॅटोची कोशिंबीर नाही." का, ते मी विचारलं नाही.

गेल्या शुक्रवारी मी तुमच्या गावी गेलो. बस, मग सहा आसनी रिक्षा, तीत आम्ही अकरा. तुझी आई दारातच होती. भिंतीवरचा दाखला मला दाखवला. मी म्हटलं, तो मीच दिलाय. ती म्हणाली, "मग वाचा की."

वाचून झाल्यावर विचारलं, "बाई, नमुना नेमका कुठला घेतला होता?"

तिने उताराच्या तळाला, ओढ्याकडेच्या भातखाचराकडे बोट केलं. "त्यो गेनबाच्या खाचराचा वरचा कोपरा."

"पण ती जमीन गेनबाची."

"जमीन त्याची. माती माझी. माझ्या उतारावरनं गेलेली. पोरगी सासरी गेली म्हणून आडनाव बदलतं, पोरगी बदलती व्हय?"

गेनबा शेजारी ओट्यावर गुडघ्याला फडकं बांधून बसला होता. तो म्हणाला, "साहेब, तीन साल भात असं येतंय की मलाच लाज वाटाय लागली. ही उन्हाळ्यात पाटीनं माती वर न्हेती. मी बघून न बघितल्यावाणी करतो."

"उपकार करतोयस व्हय?" तुझी आई म्हणाली. "माझंच मला न्यायला तुझी परवानगी?"

"मी कुठं काय म्हणालो? पाटी मोठी घे म्हणलो."

माझ्या चिठ्ठीत झाड, बांध, उकिरडा, सगळं होतं. 'दुसऱ्याच्या शेतातली नको' हे लिहायचं राहिलं. चौतीस वर्षांत ती सूचना लागली नव्हती.

यात चूक प्रयोगशाळेची नाही. उतार उघडा पडला की सगळ्यात आधी हलकं, काळं, कसदार तेच वाहतं आणि पहिल्या सपाट जागी बसतं. ती जागा गेनबाची. त्यातून सुटलेलं धरणात गेलं. नळाला गढूळ पाणी आलं की मी वर्तमानपत्राला पत्र लिहितो. आजवर दोन छापून आलीत. ती तुला पाठवायला हवी होती.

मग मी स्वतः उतारावर दहा खड्डे घेतले. कर्ब ०.१८. नत्र नावाला. आल्यावर माझ्या गच्चीतली माती तपासली. २.०. एका घरची माणसं चेहऱ्यावरून ओळखू येतात, तसं झालं.

निघताना फार्महाउसवाला भेटला. मी सहज म्हटलं, जमिनीत दम नसला तर? तो म्हणाला, "काका, माती मेलेली असली तरी चालेल. लॉनला लाल माती बाहेरून आणू." कुठून, ते मी विचारलं नाही. तुलाच विचारेल.

तर तुला हवा होता तो दाखला आता तयार आहे, आणि खरा आहे. पण तो द्यायचा तर पहिला का चुकला हे सांगावं लागेल. ते सांगायचं तर माती खाली का आली, हेही. ते मी सांगणार नाही. तू लिही. आईला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन आणि मगच दाखला देईन. लिहायचं नसेल तर पहिला दाखला भिंतीवर राहील, तिची सही होणार नाही, तुझं मशीन येणार नाही, आणि माझ्या शिक्क्याखाली खोटं टांगलेलं राहील. यातल्या शेवटच्याचं वाईट मला वाटेल. तू तुझं निवड.

दिगंबर खांबेटे


२३ मार्च २०२५

काका,

टँकर एकदा रिकामा परत पाठवला. ड्रायव्हर म्हणाला, "आज चिठ्ठी नहीं?" मी म्हणालो, शाई गोठली. त्याला खरं वाटलं. इथे काहीही खरं वाटतं.

काम परत सुरू झालंय. परवा नवीन उतार कापायला दिला. वर गवत, खाली वीतभर काळं, मग दगड. सुपरवायझर म्हणाला, काट. मी काटलं. दहा मिनिटांत सगळं दरीत. मी काही मशीन थांबवून रडत बसलो नाही, पगार काटायचा मिळतो. फक्त तुमचं ते 'शेकडो वर्षं' डोक्यात बसलंय आणि घड्याळ समोरच असतं. दुसऱ्याला शिकवताना तुम्ही जरा बघून शिकवत जा.

खालचं आईला वाचून दाखवा. आवाज चढवू नका. मध्येच चष्मा पुसायला थांबू नका, तिला वाटेल अजून काहीतरी आहे.

आई,
उतार मी खरडला. सपाट करायला नाही, विकायला. तू ताईकडे होतीस म्हणून जमलं. तू असतीस तर मशीनसमोर उभी राहिली असतीस आणि मी मशीन बंद केलं असतं, म्हणून तू नसताना केलं. पावसाचं नाव सांगत होतो, पाऊस नंतर आला. आता काका जो दाखला देतील तो खरा आहे. तू शब्द दिलायस तशी सही करायची तर कर. नाही केलीस तर मी काही म्हणणार नाही. म्हणायला तोंड नाही.
विश्वजीत


१७ एप्रिल २०२५
शनिवार पेठ

चि. विश्वजीत,

वाचलं. आवाज चढवला नाही. चष्मा एकदा पुसला, तो माझा खाजगी प्रश्न आहे.

तुझी आई नाचणी पाखडत होती. सूप थांबलं नाही. पत्र संपल्यावर म्हणाली, "झालं? मला वाटलं काय नवीन हाय."

मी दाखला पुढे केला आणि आकडा सांगितला. ती म्हणाली, "शून्य पॉइंट अठरा. म्हंजी शून्य न्हाई."

"जवळजवळ शून्यच, बाई."

"जवळजवळ न्हाई विचारत. शून्य हाय का?"

"नाही."

"मग मेली कशी? डॉक्टर, आजारी माणसाचा मेल्याचा दाखला देता व्हय तुम्ही?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुठल्या शास्त्रज्ञाने विचारला नव्हता. मी चहा घेतला. मग तिने मला उताराच्या वरच्या अंगाला नेलं. तिथे तीन वर्षं तिने जनावर फिरकू दिलेलं नाही, पाटीने वर नेलेली मातीही तिथेच टाकली आहे. गवत धरलंय. मी वेगळा नमुना घेतला. ०.३१ निघाला. त्याचा दाखला ती घेत नाही. म्हणते, "मला दिसतंय की."

फार्महाउसवाल्याला तिने माझ्यादेखत 'नाही' म्हणून सांगितलं. त्याने जाताना मला विचारलं, "काका, तुमच्या ओळखीत कुणी आहे का जमीन विकणारं?" मी गच्चीचा पत्ता दिला नाही. हेमाने गच्चीतली दोन पोती माती तुमच्या उतारासाठी भरून ठेवली आहे, मला न विचारता. टोमॅटोसकट उपसली.

आईने पत्र सांगितलं, ते खाली लिहितो. शब्द तिचे आहेत. मी सुधारायला गेलो तर म्हणाली, "तुम्ही नुसतं लिवा."

विशा,
मला चाळिसाव्या दिशीच गेनबानं सांगितलं. बोलले न्हाई. बोलले असते तर तू दोन दिस तोंड पाडून बसला असतास आन् तिसऱ्या दिशी खालचा तुकडा खरडाय घेतला असतास. तू लांब गेलास, जमिनीला दम खायला मिळाला. मलाबी. सही करत न्हाई. तू लिवलंस ते बरं केलंस, उशीर केलास पर केलंस. मिरगाचा पाऊस पडायच्या आत उतारावर दोन ताली घालायच्या हायत, माती अडाय पायजे. दगड गोळा करून ठेवलाय. गेनबाचा गुडघा गेलाय, आन् ह्या काकांच्यानं दगड उचलत न्हाई, मी बघितलं. तुझी काय मी वाट बघत न्हाई. आलास तर मशीन आणू नको.

मी दगड उचलला होता. एक. तिने ते सांगितलं नाही, म्हणून नोंद करतो.

दि. खां.


५ मे २०२५

काकांना नमस्कार.

सुट्टी मिळाली. सुपरवायझरला सांगितलं, आई फार आजारी आहे. त्याने विचारलं, काय झालंय? मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणालो, अंगात रक्त राहिलं नाही, शून्य पॉइंट अठरा आहे. तो घाबरला, पंधरा दिवस दिले. पंधरा दिवसांत दोन दगडी ताली होत नाहीत हे त्याला कळत नाही, कारण त्याने आयुष्यात दगड फक्त मशीनने हलवलाय. मी पण.

सोळाव्या दिवशी काय करणार ते विचारू नका. मशीनचं पण विचारू नका. हात आहेत, ते चालतात का बघतो.

पंचवीस तारखेपर्यंत पोचतो. तेवढं आईला कळवा, आणि ती आजारी आहे हे पण कळवा. इथल्या ऑफिसातून चैतालीताईच्या फोनवर चौकशी येईल. तेव्हा ताली, दगड, गेनबा, यातलं काही बोलू नये म्हणावं. नुसतं खोकावं. जास्त नको, तिला सवय नाही.

विश्वजीत